पोरीची घंटी

आमच्या घरमालकानं पहिल्याच दिवशी आम्हाला चालायला लावलं.

टेम्पोतून सामान उतरून झालं होतं. बायकोच्या कडेवर पाच महिन्यांचा मुलगा होता आणि चार वर्षांची मुलगी माझं बोट धरून उभी होती. म्हातारा ओट्यावर बसून होता. उठला नाही, या-बसा म्हणाला नाही. म्हणाला, "पावनं, हितून त्या बाभळीपस्तोर चाला बरं जरा."

"कशाला?"

"चाला तर. एकेकानं."

आम्ही चाललो. पुण्याच्या फ्लॅटमधून आलेली माणसं एका अनोळखी म्हाताऱ्यासमोर पायपीट करून दाखवतायत, असं ते दृश्य होतं. त्यानं मान खाली घातली होती. मुलीचा नंबर आला तेव्हा ती पळत सुटली आणि वाटेत पडली. तो हसला. "हे कोकरू हाय. आता समदे वळखू येताल."

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "तो आपल्याकडं बघत नाही. आपल्याला ऐकतो. मला भीती वाटते त्याची."

मी म्हटलं, खेड्यातली माणसं असतात अशी. खेड्यातल्या माणसांबद्दल तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं.

पुणं सोडायची कल्पना माझी. काम घरूनच चाललं होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मुलगी दिवसभर खिडकीच्या गजांना धरून उभी असायची. चौसाळ्याजवळच्या या शेतातल्या पत्र्याच्या दोन खोल्या एका ओळखीच्यानं सुचवल्या. बायको तयार नव्हती. साप, विंचू, कठडा नसलेल्या विहिरी, दवाखाना लांब, असं सगळं तिनं बोटांवर मोजलं आणि शेवटी एका अटीवर तयार झाली. "पोरांना एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. मी नसेन तेव्हा तू. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि नंतर जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

आम्ही त्याला आबा म्हणायचो. सत्तरीचा असावा. डोक्याला मळका पटका, खांद्यावर घोंगडी, ती उन्हाळ्यातसुद्धा. बायको वारून बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा परळीला, औष्णिक केंद्रात ठेकेदाराकडं कामाला. आबाच्या जवळ चाळीसेक मेंढरं, पाच-सहा शेळ्या आणि बारा घंट्या. घंट्या हीच त्याची खरी मालमत्ता. एकीचा आवाज दुसरीसारखा नव्हता. आवाज जुळायला लागला तर तो आतल्या लोलकाला चिंधी गुंडाळायचा, नाहीतर कड दगडानं ठोकून वाकवायचा, कानाशी धरून हलवायचा, पुन्हा ठोकायचा. जनावरांना त्यानं नावं ठेवली नव्हती, घंट्यांना ठेवली होती. एक 'खोकली', एक 'सासू', एक 'पाटलीण'. "पाटलीण कडुनिंबाखाली गेली," असं तो बाजेवर पडल्या पडल्या सांगायचा, आणि बघावं तर खरंच त्या घंटीची मेंढी कडुनिंबाखाली असायची.

भीतीबद्दल त्याचं म्हणणं माझ्या उलट होतं. पत्र्यावर काही वाजलं, झुडपात सळसळलं की मी दचकायचो. तो म्हणायचा, "वाजायलंय ना? मग कावून भेतुस बे? वाजतंय त्येचं भ्याव न्हाई. गप झालं की भ्यावं."

आठवड्याभरात त्यानं माझ्या मुलीच्या गळ्यात घंटी बांधली. लहानशी, पितळेची, करदोट्याच्या काळ्या दोऱ्यात ओवलेली. बायको भडकली. "आबा, माझी मुलगी शेळी आहे का?"

"शेळीपरास लई किमती हाय, बाई. म्हून तर बांधली."

"आमच्यात नाही बांधत."

"तुमच्यात हीर असती का दारात?"

विहीर घरापासून शंभरएक पावलांवर, कठडा नसलेली, आत उतरायला दगडी पायऱ्या. तिच्याकडं जाणारी वाट ओट्यावरून दिसायची. पहिले कित्येक दिवस मला स्वप्नातसुद्धा ती वाट दिसायची. घंटी राहिली. मुलीला तर ती इतकी आवडली की आंघोळीलाही काढू देईना. तिचा आणि आबाचा एक खेळच झाला. ती कुठंतरी बसून राहिली आणि घंटी थांबली की तो ओरडायचा, "कोकरू, वाज बरं!" ती जिथं असेल तिथून घंटी हलवायची. "हां!" म्हणून तो पुन्हा तंबाखू मळायला लागायचा. दिवसातून पन्नास वेळा. हळूहळू बायकोची भीती गेली. ती त्याला भाकरी नेऊन द्यायला लागली. "याच्या एवढं लक्ष तू तरी ठेवतोस का?" असं मला ऐकवायला लागली.

मी विषय बदलायचो. कारण तोवर मला कळलं होतं.

एका सकाळी मी स्कूटर रोजच्या जागेवरून हलवून वाटेवर लावली होती. आबा पाण्याची बादली घेऊन आला आणि सरळ तिच्यावर आदळला. बादली एकीकडं, तो एकीकडं. मी धावलो. तो उठून चाकावर हात फिरवत म्हणाला, "चाकात हवा हाय का बघत व्हतो."

मी त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी हलली नाही.

"आबा, किती दिवस झाले?"

मग त्यानं माझं मनगट पकडलं. वाटेवर कुणी नाही ना, याचा त्यानं कानोसा घेतला. तोवर मला वाटत होतं, इथं भ्यायलेला मी एकटाच आहे. "दोन वरसं. डाक्टर इलाज न्हाई म्हणत्यात. पावनं, पोराला कळलं तर मेंढरं इकल आन मला परळीला नेऊन टाकंल. कुणापशी बोलायचं न्हाई."

"मेंढरं चारायला कसं नेता मग?"

"म्या कुठं नेतो? ती मला नेत्यात."

"बायकोला सांगू ना?"

"बायको बायकाला सांगती."

मी कबूल झालो. आजवर मी स्वतःला सांगत आलो की म्हाताऱ्याची दया आली म्हणून. तसं नव्हतं. बायकोला कळलं असतं तर तिनं मुलीला त्याच्याकडं सोडलं नसतं, मग तिला मी सांभाळायचं आणि मला काम होतं. आंधळ्या माणसाच्या भरवशावर मी माझी मुलगी ठेवली, कारण ते सोयीचं होतं.

आता तो दिवस.

बाळाचा नवव्या महिन्याचा डोस होता. बायको त्याला घेऊन सकाळीच रिक्षानं निघाली. माझी मीटिंग होती, साधी नव्हे. घरून काम करणाऱ्यांना परत बोलवायचं की राहू द्यायचं हे वरचे लोक ठरवत होते, आणि मला माझं काम दाखवायचं होतं. बोलावलं असतं तर पुन्हा त्याच दोन खोल्या. निघताना बायको आबाला म्हणाली, "आबा, दोन तास मुलीकडं बघाल? हे वर बसतील कामाला."

त्यानं मेंढरं त्या दिवशी चरायला सोडली नाहीत, कुंपणातच ठेवली. "घंटी हाय ना गळ्यात? मग जा, बाई. बिनघोर जा."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायचं असतं तर तेव्हाच.

मोबाईलला रेंज फक्त घरामागच्या टेकाडावर, कडुनिंबाखाली मिळायची. मी तिथं खुर्ची टाकून बसलो. बोलायला सुरुवात केली आणि खालून आलं, "कोकरू, वाज बरं!" मग घंटी. मग मुलीचं हसणं. दोन मिनिटांनी पुन्हा. पलीकडून साहेब म्हणाले, "अहो, गोठ्यातून बोलताय का?" सगळे हसले. मीही हसलो. तिसऱ्या वेळेला ते हसले नाहीत. "तिकडं जरा शांतता होईल का?"

मी माइक बंद केला आणि खाली पळालो. आबाला गप्प बसा म्हणून उपयोग नव्हता. घंटी थांबली की तो ओरडणारच. घंटी वाजत राहिली की तो गप्प. एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. मुलीला ओट्यावर बसवलं, पुढ्यात रंगीत खडू ठेवले, "इथनं उठायचं नाही" म्हणालो आणि तिच्या गळ्यातली घंटी सोडली. बाभळीला एक करडू बांधलेलं होतं. ती घंटी मी त्या करडाच्या गळ्यात बांधली.

करडू उड्या मारायला लागलं. घंटी वाजायला लागली. बाजेवरून आबा म्हणाला, "हां. हाय तिथंच."

टेकाड चढताना मला माझं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

पाऊण तास बोललो. काम पसंत पडलं. "तुम्ही तिकडूनच करा," असं म्हणाले. लॅपटॉप मिटला आणि खाली उतरलो. घंटी वाजत होती. ओट्यावर खडू पडले होते. मुलगी नव्हती.

खोल्यांत नव्हती. खाटेखाली नव्हती. माझे कान बंद झाल्यासारखे झाले, फक्त ती घंटी ऐकू येत होती. अशा वेळी बाप काय करतो? हाक मारतो. मी हाक मारली नाही. मी आधी बाभळीकडं धावलो. करडाच्या गळ्यातली घंटी काढायला. बायको कोणत्याही क्षणी येणार होती आणि तिनं ती तिथं बघितली असती. मुलगी विहिरीत असेल-नसेल अशा वेळी मी आधी पुरावा लपवायला धावलो.

माझ्याआधी आबा तिथं पोचला होता. करडाच्या मानेवर हात ठेवून उभा होता.

"पावनं," तो हळू म्हणाला, "म्या मघापासनं ऐकायलोय. ही घंटी गोल फिरायलीय. लेकरू असं गोल फिरत नसतंय."

त्यानं दोरा तोडला आणि घंटी मुठीत घेतली. इतकंच. पुढं त्या घंटीबद्दल त्यानं मला कधी विचारलं नाही.

तेवढ्यात रिक्षा आली. बायकोनं माझा चेहरा बघितला आणि बाळाला तसंच छातीशी धरून किंचाळली. तिच्या ओरडण्यानं शेजारच्या वस्तीवरची माणसं पळत आली. कुणी उसाकडं, कुणी रस्त्याकडं, सगळे मुलीच्या नावानं हाका मारायला लागले. मेंढरंही बिथरली. आबा मध्ये उभा राहिला आणि घशातून त्यानं असा एक आवाज काढला की चाळीस मेंढरं जागच्या जागी थांबली.

"गप रे समदे! एक बी हाक न्हाई!"

माणसंही थांबली. बाळसुद्धा. मला काहीच ऐकू आलं नाही. तो मान वाकडी करून उभा होता.

"हिरीत हाय," तो म्हणाला. "जिती हाय. पायरीवर बसून खडं टाकायलीय पाण्यात. कुणी हाक मारू नका, पळू बी नका. दचकली तर जाईल."

मी जायला हवं होतं. तो गेला. रोजच्या पायवाटेनं गेला असता तर कुणाला काही कळलं नसतं, पण ती वाट वळणाची होती आणि त्याला वेळ नव्हता. तो आवाजाच्या रोखानं सरळ निघाला. आधी कुंपणासाठी रचलेल्या काट्यांत घुसला. मग एका पडीक दगडी कुंडावर आपटून तोंडावर पडला. ते कुंड दोनच दिवसांपूर्वी मी स्कूटरसाठी सरकवलं होतं. उठला, हात पुढं करून चाचपडत निघाला. वीस-पंचवीस माणसं बघत होती. कुणीतरी पुटपुटलं, "आरं, म्हाताऱ्याला दिसत न्हाई की बे." दोन वर्षं जपलेली गोष्ट शंभर पावलांत उघडी पडली, आणि ते त्यालाही कळत होतं.

विहिरीच्या काठावर तो खाली बसला. मूठ उघडून घंटी हळूच हलवली.

"कोकरू," रोजच्याच आवाजात म्हणाला, "वाज बरं."

आतून मुलगी तोंडानं म्हणाली, "टिंग टिंग."

तो बसल्या बसल्याच एक पायरी खाली सरकला. "वाज बरं."

"टिंग टिंग, आबा."

असं करत तो खाली गेला. मी ते बघितलं नाही, डोळे मिटून घेतले होते. फक्त ऐकलं. दर वेळी ती 'टिंग टिंग' म्हणायची तोवर मधल्या शांततेत मी मरत होतो. वर आला तेव्हा ती त्याच्या गळ्यात हात टाकून होती आणि त्याच्या कपाळावरचं रक्त तिच्या फ्रॉकला लागलं होतं.

बायकोनं तिला हिसकावून घेतलं. आणि मग तिचा सगळा धीर एकदम सुटला.

"तुम्हाला दिसत नाही?"

"न्हाई दिसत, बाई."

"किती दिवस?"

"दोन वरसं."

"आणि माझी पोर सांभाळायला घेतलीत? आंधळे आहात हे लपवून? मेली असती म्हणजे?"

"घंटीच्या भरवशावर घेतली, बाई."

"कुठाय घंटी? गळ्यात नाही तिच्या!"

त्याची मूठ मिटलेली होती. ती त्यानं घोंगडीखाली घेतली. "सुटली असंल. गाठ माझीच व्हती. चुकलं."

मग त्यानं माझ्या दिशेनं तोंड वळवलं. माझ्या दिशेनं म्हणजे माझ्यापासून दोन हात उजवीकडं, रिकाम्या जागेकडं. मी कुठं उभा आहे हे त्याला कळत नव्हतं, कारण मी आवाज करत नव्हतो. नुसता खाकरलो असतो तरी त्याला कळलं असतं. मी श्वाससुद्धा धरून ठेवला.

आठ दिवसांत आबाचा मुलगा आला. एका व्यापाऱ्यानं मेंढरं टेम्पोत भरून नेली. आबा फाटकाशी बसून प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होता. घंट्या त्यानं आधीच सोडून घेतल्या होत्या, त्यामुळं एवढा कळप गेला तो आवाज न करता गेला. दुसऱ्या दिवशी मुलानं त्यालाही नेलं. आम्ही चौसाळ्याच्या रस्त्यावर घर घेतलं. पुण्याला परत गेलो नाही. गंमत म्हणजे आता बायकोलाच इथून हलायचं नाही. पण पाच वर्षं तिच्या तोंडी एक वाक्य राहिलं: "त्या आंधळ्यानं फसवलं आपल्याला." आणि पाच वर्षं मी त्यावर "हं" म्हणत आलो.

मध्ये एकदा परळीला गेलो होतो, सांगून टाकायचं ठरवून. पत्ता शोधत वसाहतीत पोचलो. खिडकीच्या चौकटीवर राखेचा थर, बाहेर ट्रकांची वर्दळ, आणि आबा दाराशी खुर्चीवर. मी चपला काढल्या आणि चार पावलं टाकली.

"पावनं," तो म्हणाला. "कोकरू कसं हाय?"

"शाळेत जातं."

"वाजतंय ना?"

"लई."

तो हसला. त्याच्या काठीला ती पितळी घंटी बांधलेली होती. मी तिच्याकडं बघतोय हे त्याला कसं कळलं कोण जाणे. "सुनंनं बांधली. म्हातारं कुठं जातंय ते कळावं म्हून. बरं झालं. हितं एवढा गलका हाय, मलाच माझा पत्ता लागत न्हाई."

चहा झाला. मी उठलो. तो म्हणाला, "काय बोलायचं व्हतं का?"

"नाही. सहज आलतो."

"बरं."

मी गेटपर्यंत गेलो तोवर मागून घंटी येत होती. तो मला सोडायला येत होता. मी वळलो नाही.

गेल्या महिन्यात त्याचा मुलगा एसटीनं चौसाळ्याला आला. आबा गेले म्हणाला. फडक्यात बांधलेली घंटी काढून ठेवली. "पोरीची हाय, पोरीला द्या, असं म्हणले व्हते." चहा पिऊन गेला. बायको कप घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. एवढ्यात मुलगी शाळेतून आली. आता नऊ वर्षांची आहे. तिनं घंटी उचलून कानाशी हलवली.

"ही माझी ना, बाबा?"

"हो."

"आठवते मला. तुम्ही काढून बकरीच्या पिल्लाला बांधली होती. मी बसले होते ओट्यावर."

तिनं ते सहज म्हटलं. तिच्या लेखी त्यात काहीच नव्हतं. घंटी वाजवत ती अंगणात पळाली.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

नळ बंद झाला. बांगडीसुद्धा वाजेना. गप झालं की भ्यावं, असं तो म्हणायचा. कशाला म्हणायचा ते मला तेव्हा कळलं. बायको दारात आली नाही. ती तिथंच उभी होती आणि ऐकत होती.

पूर्वीसारखाच श्वास धरून ठेवता आला असता. मी उठलो आणि खाकरलो. मी कुठं उभा आहे ते तिला कळावं म्हणून.